मातीला जाण्याचा हक्क

घोडबंदर रस्त्यावर परवा वाहतूक तुंबली होती. गवत भरलेला एक ट्रक रिक्षाला खेटून उभा राहिला आणि वाळल्या गवताचा वास थेट आत आला. तलासरीचा वास. वडील तिथे पोस्टमास्तर होते. दिवाळी उलटली की डोक्यावर गवताचे भारे घेतलेल्या वारली बायका आमच्या दारावरून जायच्या. त्यातली एक म्हातारी भारा उतरवून ओटीवर टेकायची, आईकडे पाणी मागायची. पाणी पिऊन झालं की चुंबळ सोडून पुन्हा नीट वळत बसायची आणि वळता वळता बोलायची. तिचं माहेर ‘फिरंग्यांकडं’ होतं, म्हणजे नगर हवेलीत; सासर अलीकडे. मधली हद्द तिने लहानपणापासून पायांखाली घातलेली.

तिची आई गेली त्या पावसाळ्यात मात्र वाट बंद होती. पोलीस कुणालाच पुढे सोडेनात. ‘आईच्या मातीला जायला मिळालं नाय,’ एवढंच ती म्हणायची. दर वर्षी म्हणायची.

एलएलएमला मी आंतरराष्ट्रीय कायदा घेतला. रूढी हा विषय निघाला आणि सरांनी पोर्तुगाल विरुद्ध भारत हा खटला वाचून यायला सांगितलं. भारतीय भूमीवरून जाण्यायेण्याच्या हक्काचा खटला, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल १२ एप्रिल १९६०चा. एका पानावर फ्रेंच, समोरच्या पानावर इंग्रजी. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या दमण, दादरा, नगर हवेलीची नावं त्या पानांत पाहिली आणि मी तारखा शोधू लागले. २२ जुलै १९५४, दादरा मुक्त. २ ऑगस्टला सिल्वासा. म्हातारीचा पावसाळा हाच होता.

मुक्तीच्या त्या मोहिमेत सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते, राजा वाकणकर होते. आमच्या घरी त्यांच्याबद्दल अभिमानाने बोललं जायचं आणि तो अभिमान मलाही आहे. पोर्तुगीज सत्ता तिथून गेली हे न्याय्यच झालं. तरीही निकालपत्र वाचताना माझं बोट एकाच जागी अडखळायचं. न्यायालयाने ११ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांना दमणहून या प्रदेशांत जाऊ देण्याचा हक्क १९५४ साली पोर्तुगालला होता. सशस्त्र दलं, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांच्यासाठी तो नव्हता. इथे मतं पडली ८ विरुद्ध ७. आणि ९ विरुद्ध ६ मतांनी ठरलं की भारताने कर्तव्याचा भंग केला नाही, कारण दादऱ्यातल्या घटनांनंतर परिस्थिती तंग होती आणि ये-जा नियंत्रित करण्याचा अधिकार भारताकडे होता. म्हातारीची हद्द दमणच्या बाजूची नव्हती, हे मला माहीत आहे. पण हक्क आहे आणि तरी वाट बंद आहे, या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत मला तीच दिसायची.

या खटल्यात पेशवेही आहेत. १७७९ साली पुणे दरबाराने पोर्तुगीजांशी तह केला आणि मैत्रीच्या बदल्यात बारा हजार रुपये उत्पन्नाची गावं कबूल केली. १७८३ आणि १७८५ या सालांतल्या व्यवहारांनी ती गावं लावून दिली. ते कागद पावणेदोनशे वर्षांनी हेगमध्ये उलगडले गेले. न्यायालयाने मान्य केलं की मराठ्यांनी दिला तो महसूल, सरंजाम म्हणून. सार्वभौमत्व दिलं नव्हतं. पण पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांना तिथले सत्ताधीश मानलं, स्वतंत्र भारतानेही ते गृहीत धरलं, आणि सव्वाशे वर्षांहून अधिक काळच्या वहिवाटीतून दोनच राज्यांपुरती रूढी तयार झाली. कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी हा निकाल याच मुद्द्यामुळे महत्त्वाचा: रूढी साऱ्या जगाची असावी लागत नाही, दोघांचीही असू शकते.

माझा एक राग आहे आणि तो मी जपला आहे. तोंडी परीक्षेत एका परीक्षकांनी आंतरराष्ट्रीय कायद्याबद्दल विचारलं, ‘या कायद्याचे पोलीस कुठे आहेत?’ आणि उत्तराची वाट न पाहता ते पुढच्या मुलाकडे वळले. लग्नकार्यात, रेल्वेत, कोर्टाच्या व्हरांड्यात हा प्रश्न मी पुढेही ऐकत आले. माझं उत्तर तयार आहे. पोर्तुगालने १९ डिसेंबर १९५५ रोजी न्यायालयाची अधिकारिता स्वीकारली आणि तीनच दिवसांनी भारतावर दावा लावला. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाला पाठ फिरवता आली असती. त्याऐवजी मोतीलाल सेटलवाड हेगला उभे राहिले, एम. सी. छागला तदर्थ न्यायाधीश म्हणून बसले, आणि चार वर्षं सनदा, पत्रव्यवहार, जकातीचे नियम यांवर युक्तिवाद झाला. निकालानंतर वीस महिन्यांनी गोव्यात सैन्य गेलं, हेही खरं. पण कायदा काय म्हणतो हे ऐकून घ्यायला राज्यं थांबतात, खर्च करतात, हरण्याचा धोका पत्करतात. हा थांबा मला मोलाचा वाटतो, आणि याच थांब्यासाठी मी आयुष्यभर हा विषय शिकवते आहे.

म्हणूनच त्या खटल्याच्या फायलींतली उणीव मला जास्त लागते. सव्वाशे वर्षांची वहिवाट कुणाच्या पायांनी झाली? वारली, कोकणा, धोडिया यांच्या. निकालात ते ‘खासगी व्यक्ती’ आहेत. न्यायालयाच्या संविधीचं ३४वं कलम सांगतं की पक्षकार फक्त राज्यंच होऊ शकतात. चुंबळ वळत बसलेल्या बाईला तिथे दार नव्हतं.

सप्टेंबर २०१८मध्ये मात्र मी जे पाहिलं ते विसरू शकत नाही. ब्रिटनच्या ताब्यातल्या चागोस बेटांच्या सुनावणीत मॉरिशसने लिझबी एलिसे यांचं चित्रमुद्रित निवेदन न्यायालयात लावलं. १९७३ साली त्यांना गरोदरपणी बोटीत बसवून बेटावरून हलवण्यात आलं होतं. ते मूल वाचलं नाही. त्या आपल्या क्रेओल भाषेत बोलत होत्या आणि न्यायाधीश ऐकत होते. फेब्रुवारी २०१९मध्ये न्यायालयाने १३ विरुद्ध १ मतांनी सांगितलं की ब्रिटनने तिथला कारभार शक्य तितक्या लवकर संपवायला हवा. मे २०२५मध्ये ब्रिटन आणि मॉरिशस यांच्या करारावर सह्या झाल्या. आणि आम्हाला कुणी विचारलंच नाही, अशी तक्रार चागोसच्याच अनेक लोकांनी केली. वाटाघाटींच्या टेबलाशी पुन्हा दोन राज्यंच होती.

माझी एक विद्यार्थिनी यंदा लघुप्रबंधासाठी हाच विषय घेऊन आली: न्यायालयापुढे माणसांचा आवाज कसा पोहोचतो. ३४व्या कलमापाशी ती अडली होती. कलम नजीकच्या काळात बदलेल असं मला वाटत नाही, आणि तसं मी तिला सांगितलंही. पण पक्षकार राज्यच असलं तरी पुराव्यात काय जोडायचं, कुणाचं म्हणणं ऐकवायचं, हे राज्याचे वकील ठरवतात. मॉरिशसच्या वकिलांनी ते ठरवलं. उद्या भारताच्या बाजूने जे उभे राहतील, ते आज एलएलएमच्या वर्गांत बसलेले आहेत. त्यांनी सनदा वाचाव्यात, तह वाचावेत, आणि मग उठून त्या वाटेवरच्या गावांत जाऊन विचारावं की इथून कोण जात-येत होतं, आणि कुणाला अडवलं गेलं.