कुंभार्ली घाटात बंद पडलेली गाडी

मुलांनो, चिपळूणहून कराडकडे जाताना पोफळी सोडली की कुंभार्ली घाट लागतो. तिथे आमची जुनी डिझेल पिकअप तिसऱ्यांदा बंद पडली. मागे शाळेची पुस्तकं, वर भरून आलेलं आभाळ! ड्रायव्हरकाकांनी फिल्टरजवळचा स्क्रू सैल करून हातपंप दाबला. डिझेलबरोबर बुडबुडे आले. "एअर धरलीय," ते म्हणाले. पण हवा शिरली कुठून? खाली तर डिझेलचा थेंबही नव्हता. फुटक्या स्ट्रॉने शहाळं पिऊन बघा बरं! पाणी सांडत नाही, हवाच आत ओढली जाते. टाकीकडून येणाऱ्या रबरी पाइपच्या टोकाला अशीच बारीक चीर होती. काकांनी तेवढा तुकडा कापून पाइप पुन्हा बसवला, बुडबुडे थांबेपर्यंत पंप मारला. हेळवाकला चहा घेतला, तेव्हा कुठे पाऊस सुरू झाला.