एकतीस डिसेंबरची मासवडी



बरेच दिवसांत काही लिहिणं झालं नाही. आज लिहितेय ते मासवडीबद्दल. मासवडीत मासा नसतो, हे जुन्नरकडच्यांना सांगायला नको. आम्हा सोलापूरकडच्यांना मात्र सांगावं लागतं!

गोष्ट २०२४च्या डिसेंबरातली. त्या वर्षी मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, म्हणजे आमची येळवस, ३० डिसेंबरला आली होती. कुंभारीच्या शेतात कडब्याची कोप केली, पांडवांची पूजा झाली आणि पंगत बसली. ओली तूर, हरभरा, वाल, वाटाणा, गाजर, मेथी असं शिवारात मिळेल ते घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील. त्या दिवशी मटणाची आठवण कुणालाच येत नाही. नाताळच्या सुट्टीला पुण्याहून आलेल्या नातीनं भज्जी दोनदा मागून घेतली. ताकातल्या आंबिलीचा तांब्या मात्र तिनं तसाच पुढं सरकवला. ती व्हीगन आहे. मांस-मच्छी, अंडी तर नाहीच, पण दूध, दही, तूपही नाही.

दुसऱ्या दिवशी थर्टी फर्स्ट. त्या रात्री आमच्याकडं मटण असतं आणि ते मीच करते. एरवी स्वयंपाकघर सूनबाईचं. पण त्या दिवशी काळ्या मसाल्याच्या डब्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा माझा दंडक.

आदल्या वर्षी, २०२३ला, ह्याच रात्री नात म्हणाली होती, "आजी, मी आता हे खात नाही." मी पातेल्यासमोर उभी, घामाघूम. तोंडातून निघून गेलं, "मग राहा उपाशी. पुण्याची थेरं पुण्यात!" पोरगी काही बोलली नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन उठली. बारा वाजता सगळे गच्चीवर गेले, तेव्हा ती झोपली होती. पस्तीस वर्षं मी वर्गात मुलांना सांगत आले, की समोरच्याचं आधी ऐकून घ्यावं...

म्हणून ठरवलं, ह्या खेपेला तिच्यासाठी पंगतीतला मुख्य पदार्थच करायचा. उरल्यासुरल्यावर तिची बोळवण नको.

थोडं वाचलं. 'व्हीगन' हा शब्द इंग्लंडात १९४४ साली निघाला. डोनाल्ड वॉटसन आणि मंडळींनी 'व्हेजिटेरियन' शब्दाचं डोकं आणि शेपूट तेवढं ठेवलं, मधलं काढून टाकलं. तिकडं सणाला आख्खी टर्की भाजतात, मग ह्या लोकांनी काय खायचं? अमेरिकेत त्यासाठी १९९५ सालापासून 'टोफर्की' मिळते. टोफू आणि गव्हातलं प्रथिन ह्यांचा भाजायचा गोळा. नातीनं तसलाच घरी करायचा व्हिडिओ फोनवर पाठवला. कणीक घट्ट मळायची आणि पाण्यात धूत राहायची. पांढरं पाणी जातं आणि हातात चिवट गोळा उरतो.

मला हसूच आलं. कुरडया करताना आपण गव्हाचा चीक ठेवतो आणि चोथा गुरांना घालतो. इथं नेमका चीक टाकून द्यायचा!

ती यायच्या आधीच एकदा करून पाहिलं. किलोभर कणीक धुतली, गोळा मसाल्यात मुरवला, कुकरला चार शिट्ट्या दिल्या, करडईच्या तेलात परतला. मुलानं एक तुकडा चावला, बराच वेळ चावला, आणि म्हणाला, "आई, हे खोडरबर आहे. पुसतंय का बघू?"

रात्री झोप येईना. आणि अचानक जुन्नर आठवलं.

१९७४ साली मी त्या तालुक्यात नवी मास्तरीण म्हणून गेले होते. घरमालकीणबाईंनी श्रावणात एकदा जेवायला बोलावलं. ताटात रस्सा, बाजरीची भाकरी आणि माशाचे तुकडे. मी ताट मागं सारलं. म्हटलं, "श्रावणात आमच्यात चालत नाही हो." बाई खळखळून हसल्या. एक तुकडा मोडून आतलं सारण दाखवलं आणि म्हणाल्या, "बाई, बेसन आहे. खाऊन तर बघा!"

अंधारात पडल्या पडल्या मनात आलं, त्या बाईंनी ताट सारणाऱ्या पाहुणीला हसून समजावलं. मी सख्ख्या नातीला काय म्हटलं?

एकतीसला दुपारपासून लागले. तीळ, सुकं खोबरं, खसखस, कांदा, लसूण भाजून जाडसर वाटलं, त्यात तिखट, मीठ, मसाला, कोथिंबीर. फोडणीच्या उकळत्या पाण्यात बेसन घालून घाटलं, झाकून वाफ आणली. ओल्या फडक्यावर खोबरं-कोथिंबीर भुरभुरून त्यावर बेसन गरम गरम थापलं, सारण पसरलं आणि फडकं उचलून गुंडाळी केली. पहिलीला भेगा पडल्या, कारण बेसन गार झालं होतं. दुसरी छान जमली. रश्श्याला पातेलं वेगळं, पळीही वेगळी.

वड्या कापताना नात शेजारी येऊन बसली. म्हणाली, "आजी, २०२२च्या उन्हाळ्यातला कंदुरीचा बोकड आठवतो? पंधरा दिवस त्याला शेवरीचा पाला मीच घालत होते. त्या दिवशी तू माझ्यासाठी नळी वेगळी काढून ठेवली होतीस. मी खाल्ली. मग मागच्या दारी जाऊन ओकले. तू एवढ्या मायेनं ठेवलेली, म्हणून सांगितलं नाही. मांस तेव्हाच सुटलं. दुधाचं मग पुण्यात गेल्यावर."

मी समजत होते, हे मोबाइलमधून आलंय. ते आमच्याच गोठ्यातून आलं होतं. दोन वर्षं तिनं ते पोटात ठेवलं आणि मी तिला थेरं म्हटलं. मला काही सुचेना. "चुकलं गं माझं," एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "वडी दे की."

रात्री मटण होतंच. पण मासवडी सगळ्यांनी घेतली, मुलानं तर रस्सा ओरपला. खोडरबराचं नाव कुणी काढलं नाही. बारा वाजता नात गच्चीवर होती.

मटण मी सोडलेलं नाही. ह्या वयात सुटेल असं वाटतही नाही, खोटं कशाला बोलू? पण त्या रात्री नळी कुणासाठी वेगळी काढली नाही.

असो. करून बघणार असाल तर बेसन कढईतून उतरवल्याबरोबर थापा, हात पाण्यात बुडवून. आणि तुमच्याकडं सारणात आणखी काय घालतात, ते जरूर कळवा.