चौकच्या घरांतील नवी चूल

घरांत नवी वस्तु आणावयाची म्हटली म्हणजे तिच्याविषयीं प्रत्येकाचें कांहीं ना कांहीं मत असतेंच. दागिना असो, पंखा असो, कीं साधा पाट असो, खरेदीपूर्वीं चार दिवस माजघरांत त्याचीच चर्चा चालते. चुलीला मात्र हा मान सहसा मिळत नाहीं. चूल ही विकत घ्यावयाची वस्तु आहे असें मुळीं आपणांस वाटतच नाहीं. ती घराबरोबर आलेली, भिंतीसारखी स्थिर; आणि तिच्यापुढें बसणारें माणूसहि तसेंच गृहीत धरलेलें. आमच्या चौकच्या घरीं पावसाळ्याच्या तोंडावर नवी चूल घेण्याची वेळ आली, तेव्हां एवढ्याशा खरेदीच्या पोटांत किती गोष्टी असतात हें आम्हांस कळून आलें. तीच हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

मुंबई-पुण्याच्या जुन्या सडकेनें पनवेलहून खोपोलीकडे जातांना वाटेंत चौक लागतें. बोरघाटाची गाडीवाट १८३० सालीं खुली झाली, तेव्हांपासून देशावरून कोंकणांत उतरणारा आणि कोंकणांतून देशावर चढणारा प्रवासी या गांवाच्या अंगणांतूनच गेला म्हणावयाचा. कर्जताकडे जाणारा फाटा येथूनच फुटतो, आणि पनवेल-कर्जत लोहमार्गावर चौक नांवाचें स्थानकहि आहे. गांवांत उभें राहून डोंगराकडे पाहिलें कीं इर्शाळगडाचा उभा सुळका डोळ्यांत भरतो. त्याच रांगेंत प्रबळगड, आणि एका अंगास माथेरानचें पठार. १८५० च्या मे महिन्यांत ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा तळ चौकासच होता. येथून ते डोंगर चढून गेले, आणि माथेरान हें हवा खाण्याचें ठिकाण म्हणून पुढें आलें. तेथील एका कड्यास अजूनहि चौक पॉइंट म्हणतात. अलीकडे धावरी नदीवर मोरबे धरण झालें असून त्याचें पाणी नव्या मुंबईस जातें. असें हें गांव दुसऱ्यांस वाट देणारें, पाणी देणारें, आणि डोंगरावरच्या सरपणावर आपली चूल पेटविणारें.

आमचें मूळ घर येथें. आम्ही नोकरीनिमित्त पुण्यास असतों. घरीं थोरले काका-काकू, त्यांचे दोघे मुलगे, सुना, नातवंडें आणि आत्याबाई असा परिवार. सणावारास सगळे जमलों म्हणजे पानें पंचविसांवर जातात. गॅसची शेगडी घरांत केव्हांच आली आहे. चहा, फोडणी, मुलांचें दूध तिच्यावर होतें. तथापि आंघोळीचें पाणी, मोठ्या पातेल्यांतला भात आणि भाकरी हीं अद्याप चुलीवरच. हें कांहीं आमच्याच घरचें नव्हे. २०१६ सालीं उज्ज्वला योजना निघाल्यावर गॅस खेडोपाडीं पोंचला. तरी एकीकडे सिलिंडर आणि एकीकडे चूल असा दुहेरी संसार कित्येक घरीं चालूच आहे.

चुलीचा कारभार आत्याबाईंचा. वय पंचाहत्तरीच्या पुढें. पहांटे पांचास उठून फुंकणी हातीं घ्यावयाची, हा त्यांचा साठ वर्षांचा नेम. गेल्या हिवाळ्यांत त्यांचा खोकला हटेना, तेव्हां डॉक्टरांनीं छाती तपासून धुरापुढें बसणें बंद करण्यास बजाविलें. आत्याबाई घरीं येऊन म्हणाल्या, "साठ वर्षें बसलें, तेव्हां कोणी नको म्हटलें नाहीं, आतां कशी उठूं?" बोलण्यांत राग नव्हता, पण कोणास पुढें बोलवेना. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणें घरांतील चुलींच्या धुरापायीं २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें अकालीं गेलीं. असा आंकडा वाचतांना दूरचा वाटतो. आपल्याच स्वयंपाकघरांतून रात्रीं खोकला ऐकूं आला म्हणजे तसा वाटत नाहीं.

त्यांतच जुन्या चुलीचा वैलाकडचा भाग खचला, आणि घरांत सभा भरली. काकांचें म्हणणें, कुंभाराकडून मातीची चूल आणावी. स्वस्त, आणि लिंपली कीं झाली. धाकट्या वहिनींचें म्हणणें, चूलच नको, उन्हावर पाणी तापविणारा बंब बसवावा. कोंकणच्या पावसाळ्यांत ऊन कोठून आणणार, असें काकांनीं लगेच विचारलें. चुलतबंधु म्हणाले, धुराडें असलेली सुधारलेली चूल बांधून घ्यावी. त्यावर काकू एवढेंच म्हणाल्या, "शेजारीं जाऊन पाहून ये." शेजारच्या घरीं अशी एक चूल फार दिवसांपूर्वीं बांधलेली आहे. तिच्या दोन्ही तोंडांवर लोणच्याच्या बरण्या आहेत, आणि धुराड्यांत चिमण्यांनीं घर केलें आहे.

सुधारलेल्या चुलीची कल्पना नवी नव्हे. १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें ठाणें वर्ध्यास मगनवाडींत होतें. तेथेंच धूर बाहेर नेणारी 'मगन चूल' तयार झाली. पुढें १९८३ च्या सुमारास केंद्र सरकारनें सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हातीं घेतला. तो २००२ पर्यंत चालला, आणि त्यांत तीन कोटींहून अधिक चुली बसविल्याची नोंद आहे. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकारानें पुण्यास १९९६ सालीं निघालेल्या 'आरती' या संस्थेनेंहि या विषयांत पुष्कळ काम केलें. इतकें होऊनहि राष्ट्रीय कार्यक्रमांतील पुष्कळशा चुली कांहीं वर्षांतच थंडावल्या. कोठें धुराडें साफ कोणी करावयाचें हें ठरलें नव्हतें, कोठें भांडीं आणि चुलीचीं तोंडें जुळत नव्हतीं. आणि मुख्य म्हणजे, जिनें चुलीपुढें बसावयाचें तिचें मत क्वचितच कोणी घेतलें होतें. यावरून आमच्या सभेनें एक ठराव केला. चूल कोणतीहि येवो, आत्याबाईंनीं पसंत केल्याशिवाय ती घरांत यावयाची नाहीं.

चुलीचें शास्त्र फार अवघड नाहीं. लाकूड तापलें म्हणजे त्यांतून वायु निघतो आणि तो वायु पेटतो. न पेटतां जो निसटतो त्याचाच धूर होतो. म्हणजे धूर हें वायां गेलेलें सरपणच होय. नुकत्याच तोडलेल्या लाकडांत जवळजवळ निम्मा भार पाण्याचा असतो, आणि तें पाणी उडवून लावण्यांतच आंच खर्ची पडते. लाकूड नीट वाळलें म्हणजे हा ओलावा शेंकडा १५-२० वर येतो. साध्या उघड्या चुलींत उष्णतेच्या १०० भागांपैकीं १०-१५ भागच भांड्यास पोंचतात. भारतीय मानक ब्यूरोनें नव्या पद्धतीच्या सुट्या चुलींस, पंखा नसेल तर निदान २५ आणि पंखा असेल तर निदान ३५ भागांची अट घातली आहे. हें साधण्याची युक्ति अशी: लाकूड आडवें आंत शिरावें, ज्वाळा उभ्या नळींतून वर जावी, नळीभोंवतीं उष्णता धरून ठेवणारें अस्तर असावें, आणि लाकडाखालीं वारा खेळावा. अमेरिकेंतील लॅरी विनियार्स्की यांनीं १९८० नंतर या तत्त्वावर 'रॉकेट' चुलीची रचना बसविली. आज तिच्या नाना आवृत्त्या जगभर आहेत.

आत्याबाई तपासणीसाठीं पुण्यास आल्या, तेव्हां अशा धर्तीची चूल दाखविण्यास आम्ही त्यांना एका दुकानीं घेऊन गेलों. दुकानदार गुणवर्णन करूं लागला. आत्याबाईंनीं तें शांतपणें ऐकून घेतलें, आणि पिशवींतून आपलें नेहमींचें पातेलें व पळी काढली. तीं त्यांनीं चौकाहून आणलीं होतीं हें आम्हांसहि ठाऊक नव्हतें. पातेलें चुलीवर ठेवून त्यांनीं पिठलें घोटावें तशी पळी जोरानें फिरविली. चूल हालली नाहीं. मग म्हणाल्या, "आतां पेटवून दाखवा." दुकानाच्या मागल्या अंगणांत चूल पेटली. आरंभीं थोडा धूर झाला, पण आंच धरल्यावर तो दिसेनासा झाला. आत्याबाई पदर सांवरून पांच मिनिटें तिच्यापुढें बसल्या, दोन्ही डोळ्यांस बोटें लावून पाहिलीं, आणि "कोरडे आहेत" एवढेंच बोलल्या. आमच्या दृष्टीनें कोणत्याहि प्रमाणपत्राहून हा दाखला मोठा होता. अडीच-तीन सिलिंडरांच्या किंमतींत चूल आमची झाली.

गोणपाटांत गुंडाळलेली ती चूल घेऊन आम्ही कर्जताची गाडी धरली. डब्यांत तिच्याविषयीं तर्क सुरू झाले. कोणी तिला दुधाचा कॅन म्हटलें, कोणी पाण्याचा पंप. खरें कळल्यावर समोरच्या एका वृद्ध बाईंनीं शंका काढली, "धूर होत नाहीं म्हणतां, मग डास कसे जायचे? आणि आढ्याला वाळवी लागेल ती?" शंका पोकळ नव्हती, धुरानें घराचें लांकूडसामान टिकतें हा खेड्यांतला जुना अनुभव आहे. आत्याबाई म्हणाल्या, "धुरानें डास जातात खरे, पण त्यांच्या आधीं माणूस जातो." डबा हंसला, आणि गाडी १८६३ सालापासून वाहत्या असलेल्या त्या घाटांत शिरली. बोगद्यामागून बोगदे गेले, उजेड-अंधाराची अदलाबदल झाली, आणि खालीं कोंकणची दमट हवा अंगास लागली.

कर्जताहून एस. टी. नें चौक फाट्यावर उतरलों. तेथून घरापर्यंत चूल उचलून नेण्यांत आम्हां दोघांची त्रेधा उडाली. भार दहा-बारा किलोंचाच, पण पायरीवर ठेवतांना धाप लागली होती. त्याच वेळीं आमची नेहमींची मोळीवाली दारांत आली. ती ठाकर बाई. डोंगराच्या अंगानें चालत आलेली, आणि डोक्यावर चुलीच्या दुपटीहून अधिक भाराची मोळी. ती तिनें एका हातानें खालीं घेतली आणि नव्या वस्तूकडे पाहूं लागली. हिला लाकूड निम्मेंच लागतें असें आम्हीं मोठ्या कौतुकानें सांगितलें. तिनें विचारलें, "मग आजी, माझी मोळी कोण घेणार?"

या प्रश्नाचें उत्तर कोणत्याहि माहितीपत्रकांत छापलेलें नसतें. या जिल्ह्यांत सरपण ही कधींच क्षुल्लक गोष्ट नव्हती. चिरनेरास २५ सप्टेंबर १९३० रोजीं जंगल सत्याग्रहांत माणसांनीं गोळ्या खाल्ल्या आहेत. आणि समोरच्या डोंगराचें तर बोलावयासच नको. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं इर्शाळगडाच्या कुशींतील इर्शाळवाडी ही ठाकरांची वस्ती दरडीखालीं गेली. २७ मृतदेह हातीं लागले; ५७ माणसें मिळालींच नाहींत. वांचलेल्यांसाठीं पुढें खालीं सपाटीवर नवीं घरें उभीं राहिलीं. आम्हां खालच्यांस डोंगर म्हणजे देखावा आणि जळण. त्यांचें तें घर होतें. अशा डोंगरावरून येणाऱ्या बाईचे चार पैसे आमच्या काटकसरीनें तुटावे, हें कोणासच बरें वाटेना.

तोड आत्याबाईंनींच काढली. "अगं, मोळी निम्मीच आण, आणि पैसे आहेत तेवढेच घे. मात्र लाकूड कोरडें हवें, आणि अंगठ्याएवढें बारीक फोडलेलें. या चुलीला जाड ओंडका चालत नाहीं." हिशेब दोन्हीं बाजूंनीं सरळ होता. वाळविण्या-फोडण्याच्या कामाची मजुरी तिला मिळाली, मानेवरचा भार निम्मा झाला, आणि घरांत ओलें जळण येण्याचें बंद झालें. मोळीवालीनें क्षणभर विचार केला आणि मान डोलाविली.

दुसऱ्या दिवशीं चुलीस हळदकुंकूं वाहून तिच्यावर दूध उतूं घातलें. अडचण आली ती भाकरीच्या वेळीं. जुन्या चुलीच्या तोंडाशीं निखारे ओढून त्यांच्यापुढें भाकरी उभी केली कीं ती टम्म फुगते. या चुलीचें तोंड अरुंद, निखारे आंतच. सुना एकमेकींकडे पाहूं लागल्या. आत्याबाई हंसून म्हणाल्या, "तें मीं दुकानांतच पाहिलें होतें." त्यांनीं चिमट्यानें निखारे बाहेर घेतले, जुन्या लोखंडी घमेल्यांत पसरले, आणि भाकरी त्यांवर धरली. भाकरी फुगली.

बिनधुराची म्हणवणारी चूलहि अगदीं धुराविना नसते. पेटतांना आणि विझतांना ती थोडें तोंड काळें करतेच. म्हणून ती स्वयंपाकघरांत न ठेवतां मागील उघड्या पडवींत मांडली आहे. पहांटेचें पाणी तापविणें आतां घरांतील पुरुषांकडे आलें आहे, पाळीपाळीनें. आत्याबाई पांचाला उठतात त्या उठतातच. पण दूर पाटावर बसून लाकूड पुढें सारा, मागें घ्या, एवढें सांगतात. खोकला अगदीं गेला असें म्हणवत नाहीं. रात्रीची झोंप मात्र त्यांना लागूं लागली आहे.

ज्या घरीं चूल अद्याप पेटते तेथील मंडळींस आमचें एवढेंच सांगणें आहे. चूल घेतांना दुकानांतील किंमत विचाराच. पण ती सगळ्यांत लहान रक्कम असते. तिची खरी किंमत एक बाई रोज श्वासानें भरते आणि दुसरी मानेनें. त्या दोघींस विचारून जी चूल घराल येईल, तिच्यावर बरण्या ठेवण्याची पाळी बहुधा येणार नाहीं.