उताराचा हिशेब

सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्रा शर्यतीची तयारी करून द्या, असा हट्ट भाचीने धरला आणि झाशीत राहून सह्याद्रीचा उतार कसा शिकवायचा, हा जुना पेच पुन्हा समोर आला. चढाचं निभतं. झाशी समुद्रसपाटीपासून जेमतेम २८५ मीटरवर. पण किल्ल्याची टेकडी आहे, कैमासन देवीची टेकडी आहे. खेपा घालत राहिलं की आतकरवाडीतून सिंहगड चढण्याइतके, म्हणजे सहाशेएक मीटर, इथेही जमतात. उताराची बेरीज मात्र अशी होत नाही.

घड्याळ दोन्हीकडे सहाशेच दाखवतं. पण आमचा उतार बघता बघता संपतो. वळून चढायला लागलो की मांडीचा पुढचा स्नायू सावरतो. सिंहगडावरून उतरताना त्याला उसंतच नाही. प्रत्येक पावलाला तो ताणला जात असतानाच अंगाचं वजन झेलतो, त्यात त्याचे बारीक तंतू फाटतात आणि दुखणं उमटतं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. श्वासाला पत्ताही लागत नाही. इटलीच्या मिनेट्टी यांनी सहकाऱ्यांसह २००२ साली मोजून दाखवलं, की धावताना सर्वांत कमी ऊर्जा लागते ती वीस टक्क्यांच्या आसपासच्या उतारावर. दम शाबूत आणि मांडी मोडतेय, हे भाचीला पटवणं सगळ्यांत अवघड. ‘‘मामा, दम तर लागतच नाहीये, मग पळू दे ना!’’

स्नायूने हा मार एकदा खाल्ला की पुढचे काही आठवडे तोच मार कमी लागतो. म्हणून तिला टेकडी चालत चढायला लावतो आणि उतरताना आखूड पावलांनी पळवतो. तरी स्पर्धेआधी काही आठवडे पुण्याला जाऊन सिंहगड एका दमात उतरल्याशिवाय तिला मी सोडणार नाही.

जिममधल्या ट्रेडमिलला चढ लावून हजार मीटर केले म्हणणाऱ्यांची तयारी मी अर्धीच धरतो. त्या पट्ट्यावर उतरायचं कुठे? आणि बॅरोमीटर नसलेली घड्याळं उपग्रहाच्या मोजणीतली चढउतारही बेरजेत धरतात. ओरछ्याच्या सपाट रस्त्यावरसुद्धा डोंगर उभा राहतो.

चढाच्या आकड्याचा मोह मलाही आहे. साठी उलटली, गुडघ्यांनी उतारावर पळणं थांबवलं, तरी किल्ल्याच्या चढणीवर एखाद्या तरुण पोराला मागे टाकलं की दिवसभर छाती फुगलेली असते. उतार कोणी मिरवत नाही. म्हणूनच बहुधा तो पत्रकातही नसतो. जिथून निघाली तिथेच संपणारी शर्यत असेल तर चढाएवढाच उतार, हे कोणीही ओळखेल. पण खर्दुंगला चॅलेंज पाहा: सुमारे ४,००० मीटरवरच्या खर्दुंग गावातून ५,३०० मीटरच्या वरची खिंड ओलांडून ३,५०० मीटरवरच्या लेहला, ७२ किलोमीटर. तिथे चढापेक्षा उतार जवळपास ५०० मीटरने जास्त आहे.

स्पर्धा भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे: चढाच्या आकड्याशेजारी उताराचा आकडा छापा, आणि सर्वांत लांब सलग उतार किती मीटरचा आहे तेही.