वजनाचा आकडा आणि विम्याचा कागद

खेड्यातील धर्मगुरूला परक्यांचे कागद फार वाचावे लागतात. रविवारची मिस्सा आटोपली की पडवीत चार-दोन मंडळी हाती काहीतरी घेऊन उभी असतातच. कोणाकडे बँकेची नोटीस, कोणाकडे जमिनीचा उतारा, कोणाकडे आखातातून आलेले मुलाच्या नोकरीचे पत्र. आमचा भाग सीमेवरचा. कागद यायचा तो कानडीत किंवा इंग्रजीत, आणि घरात बोलणे मराठीत. अलीकडे या कागदांत आयुर्विम्याच्या प्रस्तावपत्राची भर पडली आहे. त्यातील दोन प्रश्नांपाशी आमची मंडळी हमखास अडखळतात: आपले वजन किती, आणि आपणांस रक्तदाबाचा विकार आहे काय? पहिल्या प्रश्नावर हसू फुटते, दुसऱ्यावर आवाज खाली जातो. "फादर, तिथं 'नाही' लिहिलं तर चालंल न्हवं? एजंट म्हणतो, सगळेच तसं लिहितात."

चालत नाही. विमेवाल्यांना आपल्या पोटाचा घेर आणि नाडीचा जोर यांच्याशी एवढे काय कर्तव्य, असा प्रश्न मात्र रास्त आहे. त्याचे उत्तर थोडे विस्ताराने दिले पाहिजे.

विमा कंपनी माणसाला ओळखत नाही, ती समूहाला ओळखते. अमुक वयाच्या सहस्र माणसांपैकी वर्षभरात किती दगावतात, या हिशेबावर तिचा सारा संसार. त्यामुळे स्थूल माणसे लवकर जातात, ही गोष्ट तिच्या खातेवहीत फार लवकर उमटली. रिवा-रोच्ची नामक इटालियन वैद्याने १८९६ साली दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याचे रक्तदाबमापक सिद्ध केले आणि १९०५ साली कोरोटकॉव्ह या रशियन शल्यवैद्याने नाडीचा ध्वनी ऐकून दाब मोजण्याची रीत दाखविली. त्यानंतर थोड्याच वर्षांत अमेरिकेतील विमा कंपन्यांनी ते यंत्र उचलले. पुढे १९५९ साली तेथील विमागणितज्ञांनी २६ कंपन्यांच्या सुमारे पन्नास लाख विमापत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वजन जसे वाढते आणि दाब जसा चढतो, तसे मृत्यूचे प्रमाणही पायरीपायरीने चढते, असे त्यात दिसून आले. दाब किंचितच वाढलेला असला तरी त्याची किंमत मोजावी लागते, हे त्या आकड्यांनी उघड केले. एक दिलासाही मिळाला. जादा वजनामुळे ज्यांना जादा हप्ता लावला होता, त्यांच्यापैकी ज्यांनी पुढे वजन उतरविले त्यांचे मृत्युप्रमाणही खाली आले.

तथापि, त्या कोष्टकांत आपण बसत नाही. ती अमेरिकेतील विमा घेण्याइतक्या सुस्थित लोकांवरून बांधलेली; वजनही बूट व कपड्यांसह धरलेले. आपला देह निराळा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यक नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापून हे दाखविले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद होता ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. अंगकाठी सडपातळ आणि आत मेद, अशी आपल्यापैकी पुष्कळांची स्थिती आहे. म्हणूनच युरोपीय माणसाला २५ पर्यंतचा निर्देशांक चालत असला, तरी आपल्याकडील तज्ज्ञ २३ लाच सावध करतात आणि २५ ला स्थूल म्हणतात. हिशेब सोपा आहे: किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे वजन ६४ किलो झाले की निर्देशांक बरोबर २५ येतो; आणि असा माणूस आपल्या गावात जाडा म्हणून मुळीच गणला जात नाही, उलट 'अंग धरलंय' म्हणून त्याचे कौतुक होते! ज्यांना भागाकाराचा कंटाळा असेल त्यांनी शिंप्याची टेप कमरेला लावावी. पुरुषाची कंबर ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की सावध व्हावे.

वजन आणि रक्तदाब यांचे नाते सख्ख्या भावंडांचे आहे. मेद वाढला की अधिक देहाला रक्त पुरविण्यासाठी हृदयाचे काम वाढते, मूत्रपिंडे मीठ व पाणी धरून ठेवू लागतात, आणि दाब चढतो. त्यात आमचे जेवण. खारी मासळी, पापड, लोणचे, फेस्ताला सोरपोतेल. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते, म्हणजे सगळे मिळून चहाच्या चमच्याला थोडे कमीच. उपवासकाळात मांस वर्ज्य करून खाऱ्या मासळीवर ताव मारणाऱ्यांना काय म्हणावे! चाळीस ते सत्तर या वयात वरचा दाब वीस अंशांनी चढला की हृदयविकाराने वा मेंदूच्या आघाताने मरण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. उलट, वजन एक किलो उतरले तर वरचा दाब साधारण एक अंशाने उतरतो. आणि हे सारे दुखण्याखुपण्यावाचून चालू असते. 'मला काही होत नाही' या वाक्याला येथे काडीचाही अर्थ नाही.

आमच्या धर्मग्रामातील एक सुतार असाच गेला. वय पंचेचाळीसही नव्हते. चार वर्षांपूर्वी दवाखान्यात दाब वाढलेला निघाला, गोळ्या सुरू झाल्या, बरे वाटते म्हणून बंद झाल्या. मग विमा उतरविला. प्रस्तावपत्र एजंटने भरले, सर्व प्रश्नांपुढे 'नाही' लिहिले आणि याने खाली सही केली. दुसऱ्याच वर्षी मेंदूत रक्तस्राव झाला. रुग्णालयाच्या कागदावर 'चार वर्षांपासून रक्तदाबाचा विकार' ही ओळ होती. ती कोणी शत्रूने नव्हे, तर घाबरलेल्या पत्नीनेच डॉक्टरांना सांगितलेली. कंपनीने दावा नाकारला आणि भरलेले हप्ते तेवढे परत केले. ते पत्र मीच तिला वाचून दाखविले. तिला एकच गोष्ट कळेना. "खरं सांगितलं म्हणून पैसे गेले काय, फादर?" खरे दवाखान्यात सांगितले म्हणून नव्हे, बाई, कागदावर सांगितले नव्हते म्हणून. पण त्या दिवशी हे उत्तर माझ्या तोंडून निघाले नाही.

कायदा थोडक्यात असा. विमा कायद्याच्या ४५ व्या कलमात २०१५ साली दुरुस्ती झाली. तीन वर्षे उलटल्यावर आयुर्विम्याच्या पत्राला कंपनी कोणत्याही कारणाने हरकत घेऊ शकत नाही. 'तेवढी तीन वर्षे काढा' असा सल्ला एजंट देतात तो यावरूनच. ही तीन वर्षे आपली असतील, हे त्यांना कोणी सांगितले? आणि सहीखाली असत्य राहते ते राहतेच. रुग्णालयाच्या खर्चाच्या विम्याचा नियम निराळा आहे: आधी सांगितलेल्या दुखण्यासाठी २०२४ पासून अधिकात अधिक तीन वर्षे थांबावे लागते, पुढे त्याचाही खर्च मिळतो.

खरे लिहिले तर हप्ता वाढेल, ही भीती खोटी नाही. एके काळी परदेशी कंपन्या हिंदी माणसाकडून तो केवळ हिंदी आहे म्हणून जादा हप्ता घेत. १८७०-७१ च्या सुमारास मुंबईत निघालेल्या 'बॉम्बे म्युच्युअल'ने तो अन्याय मोडला. रक्तदाबासाठी घेतलेली जादा रक्कम त्या जातीची नव्हे. रंग बदलता येत नाही, कंबर बदलता येते. वजन व दाब काही काळ ताब्यात राहिल्यावर पुन्हा तपासणी करून जादा हप्ता कमी कराल काय, असे कंपनीला लेखी विचारावे. काही वेळा त्या मानतात.

तपासणीला जाताना धावपळ करीत जाऊ नये. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, गप्प बसावे. हात हृदयाच्या उंचीवर असावा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागावा, कारण लहान पट्टा दाब उगाच जास्त दाखवितो. विमापत्र घरी आले की त्यासोबत आपल्याच प्रस्तावपत्राची प्रत असते. ती देव्हाऱ्यामागे ठेवण्यापूर्वी वाचून घ्यावी, न जमल्यास माझ्याकडे आणावी. पत्र हाती पडल्यापासून तीस दिवसांत ते परत करून हप्त्याचे पैसे मागता येतात, आणि चुकीचे लिहिले गेले असेल तर कंपनीला कळवून दुरुस्तही करून घेता येते.