आत्तीच्या खुंटीवरचा समुद्र

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या पॅसेंजर गाडीत बसलात, की नांद्रे मागे पडल्यावर आणि सांगली यायच्या आधी एक लहान स्टेशन लागते. ते माधवनगर. कापडगिरणीमुळे ज्याचे नाव झाले, ते हे गाव. इथे समुद्राचे काय काम, असे तुम्ही म्हणाल. आजूबाजूला ऊस आणि हळद. समुद्र तर घाटाखाली. पण वाचकहो, गेल्या बेंदराला मी माधवनगरला आत्तीकडे गेलो, तेव्हा तिच्या गोठ्यातल्या खुंटीवर मला समुद्र टांगलेला दिसला.

ती होती बैलाच्या गळ्यातली कवड्यांची माळ. बैल दोन वर्षांपूर्वी विकले. घुंगरमाळा गेल्या, झुली गेल्या. ही माळ तेवढी राहिली. जुन्या वस्तू घेणारा एकजण दारात उभा राहून भाव सांगत होता. नातू म्हणाला, "आज्जी, देऊन टाक की. बाजारात प्लॅस्टिकच्या मिळत्यात." आत्ती माझ्याकडे वळली, "तू शिकलेला हाईस. सांग बरं, ह्यात एवढं काय हाय?"

तिला जे सांगितले, तेच तुम्हालाही सांगतो. देवीच्या परडीत नाही तर सारीपाटाच्या थैलीत तुमच्याकडेही एखादी कवडी असेल. ती हातात घ्या.

कवडी म्हणजे दगड नव्हे आणि हाडही नव्हे. ते समुद्रातल्या एका गोगलगाईचे घर आहे. पावसाळ्यात आपल्या बांधावर जी शंखी गोगलगाय येते, तिचीच ही लांबची भावकी. लांबी बोटाच्या पेराएवढी, रंग पिवळट पांढरा, पाठ उंच आणि कडेला गाठींसारखे फुगवटे. आता उलटी करा. सपाट पोटावर अरुंद फट आणि फटीच्या दोन्ही ओठांना दात. हे दात चावायचे नव्हेत. त्या कवचाच्याच घड्या आहेत. खाण्याचे काम आतली कानशीसारखी खरखरीत जीभ करते. ती दगडावरचे शेवाळ खरवडते.

मग गोगलगाईच्या शंखाचा पीळ कुठे गेला? पिलू लहान असते तेव्हा कवच पातळ असते आणि पीळ दिसतो. वाढ पुरी झाली, की बाहेरचा ओठ आत वळतो आणि पीळ झाकला जातो. त्यानंतर कवडी लांब होत नाही, फक्त जाड होते. जिवंतपणी अंगाचा मऊ पडदा दोन्ही बाजूंनी पाठीवर चढतो आणि कवचावर थर चढवतो. चकाकी येते ती त्यामुळे. आत्तीच्या माळेला कुणी पॉलिश केलेले नाही.

कोकणातल्या खडकांवरही कवड्यांच्या काही जाती सापडतात. पण माळेतली ही कवडी प्रवाळांच्या उथळ पाण्यातली. लक्षद्वीप, मालदीव, आफ्रिकेचा किनारा, तिकडे पॅसिफिकची बेटे, असा तिचा मुलूख. दिवसा ती दगडाखाली दडते. मादी अंडी घालून त्यांवर बसून राहते, खुडूक कोंबडीसारखी.

फ्रेंच प्रवासी पिरार १६०२ ते १६०७ या काळात मालदीवमध्ये अडकला होता. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास बायका कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून कवड्या वेचतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. वेचलेल्या कवड्या वाळूत पुरायच्या, आतले मांस कुजले की धुवायच्या. त्याच्याही आधी, १३४३-४४ मध्ये इब्न बतूता तिथे होता. मालदीवच्या कवड्या बंगालला जातात आणि बदल्यात तांदूळ येतो, हे त्याने पाहिले. पुढे युरोपातल्या व्यापाऱ्यांनी याच कवड्या जहाजांत भरून पश्चिम आफ्रिकेला नेल्या आणि त्या मोजून माणसे विकत घेतली.

बंगाल-ओडिशात कवडी म्हणजे रोजचा पैसा. हिशेबात एका रुपयाला ५१२० कवड्या. १८०३ मध्ये ओडिशा कंपनीच्या हाती गेला. सारा चांदीच्या रुपयांतच भरा, असा हुकूम झाला. शेतकऱ्याजवळ होत्या कवड्या. कवडीचा भाव पडला आणि तोच रुपया मिळवायला जास्त कवड्या मोजाव्या लागल्या. कित्येकांच्या जमिनी गेल्या. १८१७ साली तिथे पाइकांचे बंड झाले, त्याच्या कारणांत हेही एक होते. आपण 'कवडीमोल' म्हणतो. पण कवडी आपोआप कवडीमोल झाली नाही. भाव ठरवणारे दुसरेच होते. बाजार समितीत माल घेऊन गेलेल्याला हे वेगळे सांगायला नको.

आत्ती सारे ऐकून घेत होती. माळेवर हात फिरवत म्हणाली, "म्हंजी आपल्यावानीच बायकांनी पाण्यात हुबं ऱ्हाऊन येचल्यात ह्या." मग दारातल्या माणसाला म्हणाली, "भाव तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे, बाबा."

नातवाने माळ गालाला लावून पाहिली. खरी कवडी गार लागते, हाताला जड लागते आणि कुठल्याही दोघींचे दात सारखे नसतात. प्लॅस्टिकची पारख एवढ्यावर होते.

संध्याकाळी शेजारच्या खोंडाची मिरवणूक निघाली. त्याच्या गळ्यात एका दिवसापुरती आत्तीची माळ होती. पोराने ती दुसऱ्या दिवशी सकाळी परत आणून दिली आणि आत्तीने ओल्या फडक्याने पुसून पुन्हा खुंटीला लावली. तुमच्या गोठ्यातही अशी माळ असेल, तर विकण्याआधी एकदा हातात घेऊन पाहा.