पाठभेदांची वंशावळ

जुन्या पोथ्यांचे संपादन करणाऱ्याला एक विलक्षण सत्य लवकरच उमगते. दोन हस्तलिखितांचे नाते त्यांच्या निर्दोष ओळींवरून सिद्ध होत नाही. ते सिद्ध होते समान प्रमादांवरून. शुद्ध पाठ दोघांकडे वेगवेगळ्या वाटांनी आलेला असू शकतो. परंतु एकाच ओवीतला एकच निरर्थक शब्द, एकाच जागी गळलेला एकच चरण दोन पोथ्यांत आढळला, तर त्या एकाच पूर्वज-पोथीच्या नकला आहेत असे म्हणण्यावाचून गत्यंतर नसते. आयुष्याची बरीच वर्षे या विद्येच्या सहवासात गेल्यामुळे, जनुकसंहितेच्या वाचनातून उत्क्रांतीविषयी जे निष्कर्ष निघाले ते समजून घेताना मला परप्रांतात आल्यासारखे वाटले नाही.

मानवी संहिता सुमारे तीनशे कोटी अक्षरांची आणि तिची वर्णमाला अवघ्या चार अक्षरांची. तिचा मसुदा २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील अखेरच्या गाळलेल्या जागा भरून निघण्यास मात्र २०२२ साल उजाडावे लागले. दरम्यान २००५ मध्ये चिंपांझीची संहिता हाती आली. जे भाग एकमेकांशी जुळवून पाहता येतात, त्यांत अक्षराअक्षरांतील तफावत सव्वा टक्क्याच्या आसपास भरली. हा आकडा थक्क करणारा खराच. तथापि संपादकाच्या दृष्टीने साम्यापेक्षा प्रमाद अधिक बोलके असतात.

असा एक प्रमाद क जीवनसत्त्वाचा आहे. बहुतेक सस्तन प्राणी हे द्रव्य स्वतःच्या शरीरात निर्माण करतात. माणसाला ते आवळ्या-लिंबातून मिळवावे लागते. पूर्वी लांबच्या सफरीवरील खलाशी त्याच्या अभावी हिरड्या सुजून, रक्तस्राव होऊन मरत. या निर्मितीच्या अखेरच्या टप्प्याचे जनुक माणसात आहे, पण मोडक्या अवस्थेत, हे १९९४ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले. चिंपांझीत आणि माकडांतही ते मोडलेले आहे आणि मोडतोडीच्या खुणा जुळतात. गिनीपिगलाही ही शक्ती नाही. परंतु त्याचे जनुक निराळ्या ठिकाणी भंगले आहे. म्हणजे एके ठिकाणी वारसा, तर दुसरीकडे स्वतंत्र अपघात. पोथ्यांची वंशावळ मांडताना आम्ही हाच विवेक करतो. या दोन विद्यांची प्रत्यक्ष भेटही झाली आहे: १९९८ मध्ये चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधील एका प्रकरणाच्या ५८ हस्तलिखितांची वंशावळ जीवशास्त्रज्ञांच्या गणनपद्धतीने मांडण्यात आली.

मात्र हे साम्य एका मर्यादेपर्यंतच खरे. पोथीमागे कवी असतो, त्याचा काही अभिप्राय असतो. नकलकाराचा प्रमाद ही त्या अभिप्रायाची हानी असते. जीवसृष्टीच्या पोथीला कर्त्याची स्वहस्ताक्षरातील प्रत नाही. तिथे बहुतेक प्रमाद निरुपद्रवी, काही घातक. पण जे थोडे उपकारक ठरतात त्यांतूनच नवे रूप संभवते. नकल सर्वथा निर्दोष होत राहिली असती, तर ती वाचणारा माणूसही झाला नसता.

आणि म्हणून ‘शुद्ध’ या शब्दापाशी मला थांबावेसे वाटते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्या ऋणातून मराठी वाचक कधीच उतराई होणार नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत सुखठणकरांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तेव्हा मात्र पोथ्या एकमेकींत इतक्या मिसळलेल्या आढळल्या की, व्यासांचा मूळ शब्द नव्हे, तर उपलब्ध पोथ्यांच्या आधारे गाठता येईल तेवढा प्राचीन पाठ, एवढाच दावा त्यांनी केला. ज्ञानाची ही नम्रता आपल्या समाजाने मात्र स्वतःच्या वंशाविषयी कधी दाखवली नाही.

हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील आणि हार्वर्डमधील संशोधकांनी २००९ व २०१३ मध्ये जे मांडले, ते या अहंकाराला छेद देणारे आहे. भारतातील जवळजवळ सर्व समूह प्राचीन, परस्परभिन्न लोकांच्या मिश्रणातून घडले. हे मिश्रण सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी व्यापक प्रमाणावर झाले आणि त्यानंतर रोटी-बेटीची दारे हळूहळू बंद होत गेली. या बंद दारांचे मोलही चुकवावे लागले. २०१७ च्या एका अभ्यासात दक्षिण आशियातील २६३ समूहांपैकी ८१ समूह इतक्या थोड्या पूर्वजांपासून वाढलेले आढळले की, त्यांच्यात आनुवंशिक व्याधींचा धोका बळावला आहे. एकाच पोथीवरून पिढ्यान्‌पिढ्या नकला होत राहिल्या, पडताळ्याला दुसरी प्रत घरात येऊच दिली नाही, की प्रमाद कायम होतात. हे कोणत्याही संपादकाला सांगावे लागत नाही.

ग्रंथाच्या बाबतीत शुद्धीचा ध्यास हे विद्वत्तेचे व्रत आहे. तोच शब्द माणसाच्या रक्ताला लावला जातो, तेव्हा त्याला कोणत्याच पोथीचा आधार उरत नाही. आपण सारेच संमिश्र पाठ आहोत. आणि आपल्या आप्तपणाचा सर्वांत भक्कम पुरावा आपल्या समान उणिवांत आहे.